सहा रिफॉर्मरचा पिलाटेस स्टुडिओ: बजेट कुठून सुरू करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या स्टुडिओत शिकवून झालं, आता स्वतःचा सहा रिफॉर्मरचा (रिफॉर्मर म्हणजे पिलाटेस या व्यायामपद्धतीचं, स्प्रिंगांच्या ताणावर सरकणाऱ्या फळीचं यंत्र) स्टुडिओ काढायचाय. यंत्रांचं कोटेशन हातात आहे, जागा पाहून ठेवली आहे. यंत्रं, डिपॉझिट, फ्लोअरिंग, आरसे, रंगकाम आणि वेबसाइट यांची बेरीज बचत आणि कर्ज मिळून बरोबर बसते. एवढ्यात भागेल का? काही राहून गेलंय का? आणि पैसे वाचवायला जुनी यंत्रं घ्यावीत, की सहाऐवजी चारच घ्यावीत?

एवढ्यात भागणार नाही. तुमची यादी स्टुडिओ उघडण्याच्या दिवशी संपते आणि पैशाची खरी ओढाताण त्या दिवसापासून सुरू होते. बंद पडलेले जे स्टुडिओ मी जवळून पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची यंत्रं चांगली होती, शिकवणारे तर फारच चांगले होते. वर्ग भरायला लागले होते, लोक मैत्रिणींना घेऊन येत होते, आणि नेमके तेव्हाच हातातले पैसे संपले. म्हणून बजेट यंत्रांच्या कोटेशनपासून सुरू करू नका. स्टुडिओ स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत किती महिने लागतील आणि त्या महिन्यांत किती तूट येईल, तिथून सुरू करा. तो आकडा आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशात जे बसेल, तो तुमचा स्टुडिओ.

हे कसं काढायचं ते एका उदाहरणावर दाखवते. रकमा प्रत्येकीच्या वेगळ्या असणार, म्हणून महिन्याचं भाडं १०० धरा आणि बाकीचं सगळं त्या प्रमाणात मांडा. समजा वीज, पाणी, साफसफाई आणि इमारतीचा देखभाल खर्च २०. विमा, बुकिंग सॉफ्टवेअर आणि हिशेब ठेवणारा मिळून १५. जाहिरात २०. कर्जाचा हप्ता ४५. झाले २००. एकही माणूस आला नाही तरी हे जाणारच. आता शिकवणाऱ्यांचं मानधन वर्गामागे दीड धरू. आठवड्याला ३० वर्ग म्हणजे महिन्याला साधारण १३०, त्याचे १९५. तुम्ही स्वतः घेतलेले वर्गही यातच धरा. स्टुडिओ चालवण्याचा तुमचा पगार वेगळा, तो ६०. एकूण महिन्याचा खर्च ४५५.

दुसरी बाजू बघू. सहा यंत्रं आणि १३० वर्ग म्हणजे महिन्याला ७८० सीट. एका भरलेल्या सीटमागे सरासरी १ हाती पडत असेल, तर ४५५ सीट भरल्यावर तोंडमिळवणी होते. म्हणजे ५८ टक्के. आकडा ऐकायला अवघड वाटत नाही, पण पहिल्या महिन्यात कुणीही ५८ टक्क्यांवर नसतं. समजा पहिला महिना २० टक्के भरला आणि पुढे दर महिन्याला सात टक्के वाढत गेले. ही वाईट वाढ नाही. तरी पहिल्या महिन्यात जमा १५६ आणि खर्च ४५५, म्हणजे तूट २९९. मग २४४, १९०, १३५, ८१, २६. सातव्या महिन्यात ६२ टक्क्यांवर पोचल्यावर पहिल्यांदा चार पैसे उरतात. तोपर्यंतच्या सहा महिन्यांची तूट एकत्र केली तर ९७५ होते. जवळजवळ दहा महिन्यांचं भाडं! आणि तुमच्या यादीत या रकमेसाठी एक ओळही नाही.

घाबरवायला हे सांगत नाही. ही तूट कमी करता येते आणि त्याचा सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे: पहिल्या दिवशी पूर्ण वेळापत्रक लावू नका. पहिले तीन महिने ३० ऐवजी १५ वर्ग ठेवा. त्याच १५६ सीट १३० वर्गांत विखुरण्याऐवजी ६५ वर्गांत येतात, वर्ग ४० टक्के भरलेले दिसतात, आणि मानधनाचे महिन्याला ९७.५ वाचतात. तीन महिन्यांत हे जवळजवळ २९० होतात आणि एकूण तूट ९७५ वरून ६८० च्या आसपास येते. दुसरा फायदा पैशात मोजता येत नाही. सहांपैकी चार यंत्रांवर माणसं असलेल्या वर्गात नवी आलेली बाई पुन्हा येते. एकट्या पडलेल्या वर्गात तिला अवघडल्यासारखं होतं. एखादा वर्ग सलग दोन-तीन आठवडे भरला आणि वेटिंग लिस्ट लागली की त्याच्या शेजारचा वर्ग सुरू करा. सकाळी कामाआधीचा आणि संध्याकाळी कामानंतरचा वेळ आधी भरतो. दुपार भरायला बरेच महिने लागतात, तिच्यावर पहिल्या वर्षीच्या बजेटमध्ये भरवसा ठेवू नका.

सरासरी १ हा आकडा कुठून येतो, हेही नीट पाहा, कारण इथे माणूस स्वतःची फसवणूक फार सहज करतो. दरपत्रकावर एका वर्गाचा दर १.४ असेल. पण बहुतेक लोक दहा किंवा वीस वर्गांचं पॅकेज घेतात, नवीन येणारे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीच्या सवलतीत येतात, कुणाला महिन्याचा अमर्याद पास हवा असतो. फीवर जो कर भरावा लागतो तो वजा होतो, कार्ड किंवा ऑनलाइन पेमेंटचं कमिशन वजा होतं. सगळं होऊन हाती पडतो तो १. तुम्ही आता जिथे शिकवता तिथे पॅकेजवाले किती आणि सुटे किती, याचा अंदाज तुम्हाला आहेच. तोच वापरा, दरपत्रक वापरू नका.

पॅकेजच्या पैशाबद्दल जरा थांबून सांगते. उघडण्याआधी संस्थापक सदस्य म्हणून सवलतीत पॅकेज विकण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे: लोकांचा उत्साह कळतो, पहिल्या आठवड्यात वर्ग रिकामे राहत नाहीत. पण ते पैसे तुमची कमाई नाहीत. ते तुम्ही देणं लागता असे वर्ग आहेत. वीस वर्गांचे पैसे आज आले, ते फ्लोअरिंगवाल्याला दिले, आणि पुढचे तीन महिने त्या माणसाला शिकवायला मानधन मात्र तुमच्या खिशातून. पूर्वविक्रीला मर्यादा घाला, मुदत घाला, आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवून वर्ग झाले की तेवढाच मुख्य खात्यात आणा. हिशेब ठेवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून हे सांगून ठेवा. जागेचं काम लांबून उघडण्याची तारीख पुढे गेली आणि कुणी पैसे परत मागितले, तर ते परत देता आले पाहिजेत.

आता चार यंत्रांचा प्रश्न. वरचंच गणित चार यंत्रांवर करून बघा. हप्ता ४५ वरून ३० वर येतो. बाकी भाडं तेच, मानधन तेच, कारण शिकवणारी चौघींना शिकवो की सहा जणींना, तिचा तास तेवढाच असतो. खर्च ४४०, सीट ५२०. तोंडमिळवणी ८५ टक्क्यांवर गेली. आजारपण, सुट्ट्या, ऐनवेळी रद्द होणारे वर्ग धरून ८५ टक्के वर्षभर टिकवणं जवळपास अशक्य आहे. तेव्हा त्याच जागेत, त्याच दरात चार यंत्रं ही बचत नाही. चार ठेवायची तर जागा लहान हवी आणि चौघींच्या गटाचा दर चढा हवा, म्हणजे तो वेगळाच धंदा झाला: कमी लोक, जास्त वैयक्तिक लक्ष. तोही छान चालतो, पण तो ठरवून करावा, पैसे कमी पडले म्हणून नव्हे. उलट बाजूला आठ किंवा दहा यंत्रं घातली की कागदावर आकडे फार गोड दिसतात. पण एकटी शिकवणारी आठ जणांच्या खांद्यांकडे आणि कंबरेकडे नीट बघू शकत नाही, निदान नवख्यांच्या वर्गात तरी. माझ्या मते तुमचा सहाचा आकडा बरोबर आहे. तो बदलू नका.

जागेकडे वळते. तुम्ही जागा पाहून ठेवली आहे म्हणता. करारावर सही झाली नसेल अशी आशा करते. एक रिफॉर्मर साधारण २.४ मीटर लांब आणि ७० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. शेजारच्या यंत्रापासून किमान ८०-९० सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर हात बाजूला उघडले की शेजारणीला लागतात. दोन्ही टोकांना ६० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. म्हणजे एका यंत्राला जवळपास सहा चौरस मीटर आणि सहा यंत्रांना ३५ चौरस मीटर मोकळी फरशी लागते, खांब वगळून. शिवाय स्वागतकक्ष, चपला-बॅगांची सोय, कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह, सामानाची खोली. उंचीही मोजा. यंत्रावर उभं राहून हात वर करणाऱ्या उंच माणसाला २.८ मीटर तरी हवेत, आणि ते छतापासून नाही तर लोंबत्या दिव्याच्या किंवा एसीच्या डक्टच्या खालच्या कडेपासून मोजायचे. खाली कुणी राहत असेल किंवा कार्यालय असेल तर जंपबोर्डचा (यंत्राच्या टोकाला लावून पायांनी उड्या मारायच्या फळीचा) आवाज जातो. फ्लोअरिंगखाली आवाज शोषणारा थर घालावा लागेल, आणि तो नंतर घालायचा म्हटलं तर सगळं उचकटावं लागतं.

सहीच्या आधी आणखी दोन गोष्टी. या जागेत व्यायामाचा स्टुडिओ चालवायला परवानगी आहे का, हे लेखी पाहा. जागेचा वापर बदलून घेणं, अग्निसुरक्षा, स्वच्छतागृहाच्या अटी, यांत महिने जातात आणि भाडं मात्र चालू राहतं. या बुडीत भाड्याला बजेटमध्ये वेगळी ओळ हवी: ताबा मिळाल्यापासून पहिल्या वर्गापर्यंत किमान तीन महिने, म्हणजे आपल्या मापात ३००. दुसरं, घरमालकाकडे कामाच्या काळापुरती भाडेमाफी मागा. रिकामी पडलेली जागा असेल तर एक-दोन महिने सहसा मिळतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि सोडून जाताना जागा मूळ स्थितीत करून द्यायची अट असेल तर तोही खर्चच आहे, फक्त लांबचा.

यंत्रांच्या कोटेशनमध्ये काय नाही, ते विचारा. वाहतूक, आयात असेल तर शुल्क, वाटेतला विमा, उतरवणं, वर चढवणं, जोडणी. 'पोच' म्हणजे बहुतेक वेळा इमारतीच्या दारापर्यंत, तुमच्या हॉलपर्यंत नाही. ऑर्डर देण्याआधी यंत्राच्या पेटीची मापं मागवा, जाड पुठ्ठ्याचा तेवढ्याच लांबी-रुंदीचा साचा कापा आणि तो रस्त्यापासून हॉलपर्यंत नेऊन बघा. लिफ्टमध्ये तो तिरका बसतो का? जिन्याच्या वळणावर फिरतो का? दाराची झडप पूर्ण उघडते का? या अर्ध्या तासात कळलं तर तुकड्यांत येणारं मॉडेल निवडता येतं. पेट्या रस्त्यावर उतरल्यावर कळलं तर माणसं, दोर आणि खिडकीची चौकट काढणं, हे सगळं त्या दिवशीच्या भावाने. किमतीत बॉक्स (यंत्रावर ठेवून बसायची-झोपायची पेटी), जंपबोर्ड, पायाचे पट्टे येतात का तेही बघा. बऱ्याच वेळा ते वेगळे असतात. पैसे परकीय चलनात द्यायचे असतील तर ऑर्डर आणि शेवटचा हप्ता यांत काही महिने जातात. तेवढ्यात दर हलला तर फरक तुमच्या माथी, म्हणून पाच-सात टक्के जास्त धरा.

कॅडिलॅक, म्हणजे वर उंच चौकट असलेलं पलंगासारखं पिलाटेसचं यंत्र, लागेलच असं नाही. गटाच्या वर्गांवर चालणाऱ्या स्टुडिओत तो बराच वेळ रिकामा उभा असतो आणि जागा सगळ्यात जास्त खातो. वैयक्तिक सत्रं किंवा दुखापतीनंतरचं काम तुम्ही नियमित करणार असाल तर एखाद्या रिफॉर्मरवर टॉवर (स्प्रिंगा लावायची उभी चौकट) बसवून घ्या, किंवा भिंत भक्कम असेल तर भिंतीवरचा स्प्रिंगबोर्ड (स्प्रिंगा अडकवायची फळी). एक चेअर (स्प्रिंगांवर चालणारं पेडल असलेलं खुर्चीएवढं यंत्र) मात्र घ्याच. थोड्या जागेत ती खूप काही देते.

जुनी यंत्रं घ्यायला माझी हरकत नाही, हात लावून पाहिल्याशिवाय घ्यायला आहे. सगळ्या स्प्रिंगा सोडा, कॅरेजवर (सरकणाऱ्या फळीवर) तळहात ठेवा आणि रेलवरून, म्हणजे ती सरकते त्या पट्टीवरून, पूर्ण लांबी हळू ढकला. हाताला सलग वाटलं पाहिजे. ठराविक अंतराने बारीक धक्का बसत असेल तर चाक एका जागी चपटं झालंय. चाकं बदलता येतात. रेलवर खाच पडली असेल तर ते यंत्र सोडून द्या. मग स्प्रिंगा एकेक करून मोकळ्या हातात धरा. ताण नसताना वेटोळी एकमेकींना चिकटलेली हवीत. मध्ये कुठे फट, वाक किंवा गंज दिसला तर ती स्प्रिंग बाद. दोर कप्पीजवळ विरलेत का, फूटबारचं (पाय टेकवायच्या दांड्याचं) कुलूप प्रत्येक खाचेत घट्ट बसतं का, डोक्याखालच्या टेकूची बिजागरी हलते का. आणि निर्माता अजून त्या मॉडेलचे सुटे भाग देतो का, हे लेखी विचारा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच हॉलमध्ये मिसळू नका. स्प्रिंगांच्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, आणि 'लाल लावा' म्हटल्यावर तिघींना एक ताण आणि तिघींना दुसरा, हे गटाच्या वर्गात धोक्याचं आहे.

नवी घ्या नाहीतर जुनी, स्प्रिंगा साधारण दोन वर्षांनी बदलायच्या असतात. वापर भरपूर असेल तर त्याआधीही. सहा यंत्रं, प्रत्येकी पाच स्प्रिंगा, म्हणजे ३० स्प्रिंगा २४ महिन्यांत. महिन्याला सव्वा स्प्रिंगेची किंमत बाजूला टाकत गेलात तर दोन वर्षांनी खिशाला चाट बसत नाही. यात काटकसर करू नका. ताणलेली स्प्रिंग तुटली तर माणसाला लागतं.

बाकीचं पटकन. व्यावसायिक जबाबदारीचा विमा आणि जागेतल्या अपघाताचा विमा, दोन्ही हवेत, शिवाय यंत्रांचा. वर्गात गाणी लावणार असाल तर सार्वजनिक वापराचा परवाना लागतो, घरच्या सबस्क्रिप्शनवर चालत नाही. नावात 'पिलाटेस' शब्द वापरायला मात्र कुणाला पैसे द्यायचे नाहीत. २००० साली न्यूयॉर्कमधल्या अमेरिकी संघीय न्यायालयाने हा शब्द व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव ठरवला, तो कुणा एकाचा ट्रेडमार्क राहिला नाही. कुणी परवाना शुल्क मागितलं तर ते त्याच्या ब्रँडचं आणि व्यवस्थेचं असतं. त्या व्यवस्थेचा तुम्हाला उपयोग आहे का, तेवढंच बघा.

शिकवणाऱ्यांवर मात्र हात आखडू नका. सगळ्या यंत्रांसह पूर्ण प्रशिक्षण साधारण ४५० तासांचं किंवा जास्तच असतं. एवढं करून आलेली व्यक्ती अर्ध्या मानधनावर टिकणार नाही आणि ती गेली की तिचे नियमित लोकही जातात. पहिल्या महिन्यांत ठरलेल्या मानधनाचा भार वाटत असेल तर ठराविक कमी रक्कम आणि तिसऱ्या माणसापासून पुढे डोईमागे काही, अशी रचना करा. वर्गामागे दीड मानधन असेल तर दोन माणसांत शिकवणारीचा तास सुटतो, म्हणून तिसऱ्यापासून. पण आलेल्या एका माणसासाठीही वर्ग घ्या. आधीच बुक केलेला वर्ग ऐनवेळी रद्द झाला तर ते माणूस पुन्हा येत नाही. आणि बजेटमधला तुमचा ६० चा पगार कुणाच्या सांगण्यावरून शून्य करू नका. घरखर्च तर चालूच असतो, तो मग नकळत स्टुडिओच्या खात्यातून जायला लागतो आणि तूट किती हे तुमचं तुम्हालाच कळेनासं होतं.

आता तुमची यादी नव्याने मांडा, पण वस्तूंप्रमाणे नको, महिन्यांप्रमाणे. आडवे बारा ते पंधरा महिने, उभे खर्च. यंत्रांचे अर्धे पैसे ऑर्डरच्या महिन्यात, उरलेले पाठवण्याआधी. डिपॉझिट सहीच्या महिन्यात. कंत्राटदाराचे हप्ते काम होत जाईल तसे, आणि शेवटचे दहा टक्के किरकोळ राहिलेली कामं पूर्ण झाल्याशिवाय द्यायचे नाहीत. जागेच्या कामावर १५ टक्के अनपेक्षित खर्च धरा. भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते आधी दिसत नाही. प्रत्येक महिन्याच्या तळाशी खात्यात काय उरलं ते लिहा. मग तोच तक्ता भरण्याचा वेग निम्मा धरून पुन्हा करा, म्हणजे महिन्याला सात टक्क्यांऐवजी साडेतीन. दुसऱ्या तक्त्यात एखाद्या महिन्यात शिल्लक शून्याखाली गेली, तर तेवढे पैसे आज कमी आहेत असं समजा, आणि जागा लहान करा, कामाचा थाट कमी करा किंवा उघडणं सहा महिने पुढे ढकला.

बँकेकडे हाच तक्ता घेऊन जा. कर्ज यंत्रांच्या किमतीएवढं मागण्याऐवजी तुटीची रक्कम धरून मागा आणि यंत्रं जागेवर बसून पहिले वर्ग होईपर्यंत फक्त व्याज भरण्याची सवलत मागा. यंत्रं तारण म्हणून ठेवता येतात, तुटीच्या रकमेला बँक जास्त प्रश्न विचारेल, तेव्हा सध्या तुमच्याकडे नियमित येणाऱ्या किती जणी नव्या जागी येतील याची प्रामाणिक यादी जवळ असू द्या. मात्र सध्याच्या स्टुडिओशी झालेल्या करारात त्यांच्या ग्राहकांना सोबत नेण्यावर बंधन आहे का, हे ती यादी करण्याआधी वाचून घ्या.